क्लिफर्डच्या फुल्या

आमच्या क्लिफर्डला कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर येतं. हॉटेलात सूप गार आलं तर हा ते गारच पितो, आणि वर वाढणाऱ्या पोरीला "फार छान होतं" म्हणून सांगतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी न्हाव्याने याचा कान कापला, तर माफी यानेच मागितली. का, तर कान मध्ये आला. "कशाला उगाच" हे त्याचे लाडके शब्द. कशाला उगाच त्यांना त्रास, कशाला उगाच आरडाओरडा. मी म्हणते, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. त्यावर तो म्हणतो, आपल्याला कुठे काय विकायचंय?

त्यामुळे गोळ्यांचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. क्लिफर्डचं हृदय अधू आहे. सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झाला त्याच हिवाळ्यात त्याला झटका आला, आणि तेव्हापासून रोज पाच गोळ्या. एक रक्त पातळ करायची, एक अंगातलं पाणी काढायची, बाकीच्या ठोके नीट पडावेत म्हणून. कुठली कशाची ते त्याला विचारू नका. सकाळी मी चहाच्या बशीत पाच ठेवते आणि तो गिळतो. या पाचही जणी वेळेवर पोटात गेल्या नाहीत तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते मी विसरलेले नाही.

आमच्याकडे गोळ्या सरकारकडून फुकट मिळतात, आणि त्या मागवायची रीत सोपी आहे. औषधांच्या पिशवीबरोबर एक छापील चिठ्ठी येते. तिच्यावर तुमच्या नेहमीच्या गोळ्यांची नावं असतात. संपत आल्या की हव्या त्या नावांपुढे खूण करायची आणि चिठ्ठी दवाखान्याच्या दारातल्या पेटीत टाकायची. दोन दिवसांत डॉक्टर सही करतात, मग समोरच्या औषधांच्या दुकानातून पिशवी घेऊन यायची. हल्ली फोनवरूनही होतं म्हणे. आमचा फोन भिंतीला आहे.

या वसंतात माझा खुबा बदलला. डरहॅमच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं. पण आमच्या घराचा जिना म्हणजे शिडीच, म्हणून थोडे आठवडे समुद्रकाठी व्हिटबीला धाकट्या बहिणीकडे, मार्जोरीकडे जाऊन राहायचं ठरलं. तिचं घर बैठं आहे. निघताना मी क्लिफर्डला चार गोष्टी सांगितल्या. मांजराला दूध देऊ नकोस, ढाळ लागतात. शेजारणीची शिडी परत कर. रोज अंडीच खाऊ नकोस. आणि गोळ्या संपत आल्या की चिठ्ठीवर खूण करून पेटीत टाक.

खूण कर, एवढंच म्हणाले. खूण म्हणजे कसली, हे कोण कुणाला सांगतं? सांगायला हवं होतं, कारण माणूस क्लिफर्ड होता.

झालं असं की मतदान आलं की आमच्या गावचं केंद्र चॅपलच्या सभागृहात असतं, आणि तिथे कितीतरी वर्षं क्लिफर्डच अधिकारी म्हणून बसायचा. त्या एका दिवशी हा माणूस वेगळाच असायचा. ताठ मान, इस्त्रीचा कोट, दोरीला बांधलेली पेन्सिल. मतपत्रिका हातात देताना प्रत्येकाला बजावायचा, "जो हवा असेल त्याच्या नावापुढे फुली. टिक नाही, गोल नाही, नाव नाही. फुली." आमच्या धर्मगुरूंनी एकदा टिक केली, तर याने त्यांना नवी पत्रिका घ्यायला लावली. तेवढाच काय तो याने आयुष्यात कुणाला त्रास दिला असेल.

तर क्लिफर्डने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, पेन्सिलीला टोक काढून, पाच नावांपुढे पाच फुल्या मारल्या. सुरेख, रेघेला रेघ छेदून. मग कुणाला दिसू नये म्हणून चिठ्ठीची दोनदा घडी घातली, दवाखान्यात गेला आणि पेटीत टाकली.

आणि नेमकं त्याच महिन्यात दवाखान्याने चिठ्ठी बदलली होती. लोक गोळ्या साठवून ठेवतात, फुकट जातात, म्हणून वर बारीक अक्षरांत नवीन ओळ छापली होती: जे हवं त्यापुढे टिक करा, जे घेणं बंद केलं असेल त्यापुढे फुली मारा. क्लिफर्डचा वाचायचा चष्मा गावाबाहेर भाजी लावायला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, खोपटात राहिला होता. ध चा मा व्हायला आणखी काय लागतं?

दोन दिवसांनी हा दुकानात गेला. दुकानातली मुलगी म्हणाली, तुमच्या नावावर काही आलेलं नाही. दुसरा कुणीही म्हणाला असता, नाही कसं, बघ नीट. हा म्हणाला, "बरं बरं, आभारी आहे." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून खोकल्याच्या गोळ्यांचा डबा विकत घेऊन आला. खोकला नसताना.

मग दवाखान्यातून फोन आला. ते बोलणं मला नंतर दोघांनीही सांगितलं, मी वेगवेगळं बसवून विचारलं, तरी शब्द तेच निघाले. फोनवर होती फिलिपा. दवाखान्याने लोकांच्या औषधांवर नजर ठेवायला नवीन फार्मासिस्ट नेमली होती, ती ही. वयाने लहान, आवाज लोण्यासारखा मऊ.

"मिस्टर रेन," ती म्हणाली, "तुमच्या गोळ्या बंद करायचं ठरलंय, त्याबद्दल जरा बोलायचं होतं."

क्लिफर्डने खुर्ची ओढून घेतली. "हो का? सगळ्या?"

"चिठ्ठीवर तरी पाचही दिसतायत."

"बरं."

"एकदम सगळ्याच, म्हणून म्हटलं विचारावं. तुम्हाला हे... म्हणजे मनापासून ठीक वाटतंय ना?"

आता बघा. इथे तो एक शब्द बोलला असता, नुसतं "का?" म्हणाला असता, तरी भागलं असतं. पण डॉक्टरांनी ठरवलंय म्हटल्यावर हा कोण विचारणार?

"माझी काही तक्रार नाही, मिस," तो म्हणाला. "इतकी वर्षं मिळाल्या, पुष्कळ झालं. तरुण माणसांना जास्त लागत असतील."

पलीकडे तिने काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, "घरच्यांशी बोललात?"

"बायकोचं ऑपरेशन झालंय. तिला इतक्यात नको सांगायला. कशाला उगाच."

"समजलं. तुमच्या मनाविरुद्ध आम्ही काही करणार नाही. पण मी घरी येऊन भेटते. सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी येऊ? आणि तोवर दम लागला, पाय सुजले तर लगेच फोन करायचा, वाट बघायची नाही."

"तुमचा वेळ मोडेल."

"नाही हो, मुळीच नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवून म्हणे रडली. इकडे क्लिफर्डने डब्यात दोन-चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या त्याही दुकानात परत नेऊन दिल्या. बंद म्हणजे बंद. पाय सुजायला लागले तेव्हा फोनही केला नाही. कसा करेल? त्याच्या लेखी ते ठरल्याप्रमाणेच चाललं होतं.

मी यातलं काही न कळता व्हिटबीला तळलेले मासे खात बसले होते. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. सगळं ठीक, मांजर ठीक, शिडी दिली.

शनिवारी मार्जोरीच्या मुलाने मला गाडीतून घरी आणून सोडलं. घर असं चकचकीत की मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या घरात आले. खालच्या खोलीत माझा बिछाना तयार. खिडकीत फुलं. रात्री त्याने हॅम आणि वाटाण्याचा घट्ट गोळा घालून पाव केले, माझ्या पावाच्या कडा कापून. लग्नाच्या वेळी कापल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी गोळ्यांची बशी काढायला मी उठले, तर म्हणाला, खुबा बरा होईतो बशीचं मी बघतो; आणि मला हाताला धरून पाणी तापवायच्या बॉयलरपाशी नेलं. "हा खटका असा खाली, मग दहा मोज, मग हा."

"मला कशाला सांगतोस? तू आहेस ना?"

"असावं माहीत," म्हणाला.

पाण्याच्या मुख्य नळाला त्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. मोठ्या अक्षरांत: पाणी इथून बंद. दुपारी शेजारीण सांगून गेली की क्लिफर्डने आपली लीकची रोपं आर्चीला देऊन टाकली. आमच्याकडे लीक म्हणजे कांद्याच्या पातीसारखी नुसती भाजी नसते, अब्रू असते. शरद ऋतूत प्रदर्शन भरतं, मनगटाएवढे लीक घेऊन बाप्ये उभे राहतात आणि एकमेकांकडे खुन्यासारखे बघतात. क्लिफर्डचं वाण त्याच्या बापापासूनचं. आणि आर्चीशी तर तो एका उपटलेल्या वाफ्यावरून बोलत नव्हता. त्या आर्चीला रोपं!

माझ्या डोक्यात किडा शिरला. नवरा एकाएकी गोड वागायला लागला, घर आवरायला लागला, जुनी भांडणं मिटवायला लागला, तर बायकोने काय समजायचं? मी सोमवारभर त्याच्यावर नजर ठेवली. तो खुर्चीतच बसून होता, रात्रीही तिथेच झोपला. "आडवं झालं की जरा बरं वाटत नाही," म्हणाला. मी म्हटलं, मनात काही असलं की असंच होतं.

मंगळवारी सकाळी चहा पिताना त्याने घसा खाकरला.

"थेल, तू मार्जोरीकडेच कायमची राहायला गेलीस तर? समुद्र आहे. जिने नाहीत. तिलाही सोबत."

मी हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"मला घालवून जिला आणायचीय ती. नाव सांग."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला असा दम लागला की कपबशी हलली. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. पायमोज्यांच्या वर घोटे फुगून आले होते. मी रागातच म्हटलं, "पाय दाखव. गोळ्या घेतोस ना रे?"

खोटं त्याला बोलता येत नाही. तो म्हणाला, "जेवढ्या दिल्यात तेवढ्या."

एवढ्यात दाराची घंटा वाजली. मी काठी टेकत जाऊन दार उघडलं, तर समोर एक देखणी, तिशीही न गाठलेली पोरगी. हातात बिस्किटांचा डबा.

"मी फिलिपा," ती म्हणाली, लोण्यासारख्या आवाजात. "मिस्टर रेन माझी वाट बघत असतील."

"असं? बरीच लहान निघालीस की गं!" मी म्हटलं.

ती गोंधळली. मग तिच्या गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र मला दिसलं, आणि मी माझे उरलेले शब्द गिळून तिला आत घेतलं. हृदयाचा पेशंट आहे, तपासायला कुणी आलं असेल, म्हणून मी त्यांना बसवलं आणि चहा करायला आत गेले. दार उघडंच ठेवलं. माझंच घर आहे, मी काय ऐकायचं ते मी ठरवणार.

"मला तुमचा निर्णय बदलायचा नाहीये," फिलिपा सांगत होती. "फक्त पुढे काय काय होईल, आणि त्रास कमी व्हावा म्हणून आम्ही काय करू शकतो, एवढंच बोलूया. शेवटी तुम्हाला कुठे राहायला आवडेल? घरी?"

"घरी चाललं असतं," क्लिफर्ड म्हणाला, "पण खालची खोली थेल्माला लागते. माझं काय, मी कुठेही. तुम्हाला सोयीचं पडेल तिथे."

माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. ती मी कशी खाली ठेवली ते मला आठवत नाही. पण बाहेरच्या खोलीच्या मध्यभागी उभी राहून मी काय म्हणाले ते चांगलं आठवतं.

"शेवटी म्हणजे? कशाच्या शेवटी? माझ्या घरात मला न विचारता कोण मरतंय?"

दोघंही बिस्किटांकडे बघायला लागले. आमच्या लोकांची ही खोडच आहे. घराला आग लागली तरी आधी बिस्किटांकडे बघतील.

"मिसेस रेन," फिलिपा हळूच म्हणाली, "तुमच्या यजमानांनी तुम्हाला सांगितलं नसेल. त्यांच्या सगळ्या गोळ्या बंद झाल्यात."

"कुणी बंद केल्या?"

"त्यांनी," फिलिपाने क्लिफर्डकडे बोट केलं.

"त्यांनी," क्लिफर्डने फिलिपाकडे.

दोन्ही बोटं तशीच हवेत राहिली. मी एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. मग फिलिपाचं बोट हळूहळू खाली आलं. तिने पिशवीत हात घालून चिठ्ठीची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तुमचीच ना? या फुल्या तुम्हीच मारल्यात?"

"मीच," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्याही अवस्थेत त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला. "पाच हव्या होत्या म्हणून पाच."

"हव्या होत्या?"

"फुली म्हणजे हवं. नाही का?"

फिलिपाने वरची बारीक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मला चॅपलचं सभागृह दिसलं, दोरीला बांधलेली पेन्सिल दिसली आणि बिचारे धर्मगुरू दिसले. मला एका दमात सगळा उलगडा झाला. मी म्हटलं, "अगं बाई, हा मत देऊन आलाय!"

फिलिपाने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मिस्टर रेन, तुम्हाला... तुम्हाला गोळ्या चालू ठेवायच्या होत्या? तुम्हाला जगायचं होतं?"

क्लिफर्डने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमची काही हरकत नसेल तर," तो म्हणाला.

मी हसायला लागले. नवा खुबा दुखायला लागेपर्यंत हसले. फिलिपा हसतही होती आणि रडतही होती, आणि त्यातच दवाखान्याला फोन करून "आत्ता, आत्ताच्या आत्ता" असं लोणी बाजूला ठेवून सांगत होती. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो असा उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. दगड होता हे कळून आणि तो उतरून, दोन्ही मिळून पाच मिनिटं गेली नसतील.

पण हसू ओसरलं आणि राग आला. फिलिपाने आम्हाला तिच्या चिमुकल्या गाडीत कोंबून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांच्या दाराबाहेर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो, तेव्हा मी तोंड सोडलं.

"मला न सांगता मरणार होतास तू?"

"तुझं हाड नुकतं बसतंय, थेल."

"माझ्या हाडाला पुढे करू नकोस. बॉयलर दाखवलास. नळाला चिठ्ठी बांधलीस. आर्चीला रोपं दिलीस. आर्चीला कळलं असतं माझ्या आधी!"

"त्याला काही सांगितलं नाही. त्याला वाटलं मला खुळ लागलंय."

"आणि तुला काय वाटलं रे? कुणीतरी तिथे आत बसून ठरवलं की क्लिफर्ड रेन पुरे झाला, आणि तू मान डोलावलीस?"

त्याने कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं. "वाटलं, त्यांनी काहीतरी बघून ठरवलं असेल. त्यांना कळतं."

"आणि तुला? तुला काय वाटलं ते विचारतेय मी."

"फार वाईट वाटलं," तो म्हणाला. इतकं सरळ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "रात्री झोप येईना. यंदाची रोपं जोमदार होती. आणि तू. तू परत येणार, आणि मग थोडेच दिवस."

"रोपं आधी?"

"क्रमाने नाही गं सांगितलं."

मी त्याचा हात धरला. आमच्याकडे दवाखान्यात कुणी कुणाचा हात धरत नाही. समोरच्या बाईने मासिक वर केलं. केलं तर केलं.

डॉक्टर बाईंनी त्याची छाती ऐकली, पाठ ऐकली, घोट्यांवर बोट दाबून खड्डा किती राहतो ते पाहिलं. पाणी साठलंय, पण पायांतच, म्हणाल्या. छातीत फारसं नाही. आजच्या आज गोळ्या सुरू करा, शुक्रवारी रक्त तपासू, म्हणजे सगळं पूर्ववत होईल. "आणखी आठवडाभर असंच गेलं असतं तर मात्र अवघड होतं," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. फिलिपा दाराशी उभी होती. ती तीनदा माफी मागून चुकली होती, आणि क्लिफर्ड तिची चार वेळा. मी दोघांनाही गप्प बसवलं. मी म्हटलं, ती ओळ तेवढी मोठ्या अक्षरांत छापा, माफीचं नंतर बघू.

आता एकच काम राहिलं होतं. पाचही गोळ्या त्याच्या नावावरून काढून टाकलेल्या, त्या पुन्हा चढवायच्या. ते काम खिडकीतल्या ग्लेंडाचं. ग्लेंडा आमच्या गावात सगळ्यांना "राजा" म्हणते, आणि सगळे तिला घाबरतात. तिच्या काचेपुढे दुपारच्या आधीची रांग होती. आमची पाळी आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात फिलिपाने मागून माझी बाही ओढली. नको, अशी मान हलवली. पोरगी शहाणी आहे.

"बोल राजा," ग्लेंडा म्हणाली. "फिलिपा म्हणते गोंधळ झालाय. तू मला तोंडाने सांग, नसता घोळ नको. यातल्या कुठल्या कुठल्या हव्यात?"

क्लिफर्डने टोपी काढली. मागे वळून रांगेकडे पाहिलं. एक बाई तापलेलं मूल घेऊन उभी होती, एकाच्या हाताला पट्टी होती. सगळे ताटकळत होते ते याच्यामुळे. मला त्याचा चेहरा माहीत आहे. कशाला उगाच, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. माझा जीव टांगणीला लागला. डॉक्टरांच्या खोलीत लागला नव्हता इतका तिथे लागला.

"सगळ्या," तो पुटपुटला.

"काय? काचेतून ऐकू येत नाही, राजा. मोठ्याने."

त्याने श्वास घेतला. छाती भरून घेता येत नव्हता, तरी जेवढा आला तेवढा घेतला.

"सगळ्या!" तो ओरडला. "मला सगळ्या हव्यात! एकही सोडायची नाही!"

रांगेतल्यांच्या माना वर झाल्या. तापलेलं मूलसुद्धा रडायचं थांबलं. ग्लेंडाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मग देते की," ती म्हणाली. "ओरडतोस कशाला?"

रांग हसली. क्लिफर्ड कानापर्यंत लाल झाला, पण खिडकीपासून हलला नाही. दोन्ही हातांनी त्याने कडा धरून ठेवली होती.

"आणि पुढच्या महिन्यातही," तो म्हणाला. "आणि त्याच्या पुढच्याही."

मग मी तिथेच सगळ्यांसमोर रडले, आणि कुणाला काय वाटेल याची मला पर्वा नव्हती.